साहेब तरंगतील की बुडतील?

आयुष्यात मी एकच गोष्ट अशी आखली होती, की तिच्यात चूक निघणं शक्यच नव्हतं. पहिलीच्या वर्गाचा एक तास! लोक पूल आखतात, धरणं आखतात, मुलामुलींची लग्नं आखतात आणि कुठे ना कुठे गळती लागतेच. माझ्या आखणीत गळतीला जागाच नव्हती. पाण्याला होती, कारण धडाच पाण्याचा होता. पण गळतीला नव्हती!

धडा होता, 'काय तरंगतं, काय बुडतं'. टेबलावर पाण्याचा टब. शेजारी ओळीने मांडलेल्या वस्तू. मी एक वस्तू उचलून टबाजवळ धरायची, मुलांनी आधी अंदाज करायचा, मग वस्तू पाण्यात सोडायची आणि काय होतं ते बघायचं. झालं! यात बिघडण्यासारखं काय आहे, सांगा बघू!

बायको म्हणाली, "अहो, पाणी नको."

"का नको?"

"पहिलीची पोरं आणि पाणी एका खोलीत ठेवायचं नसतं. चित्रं काढायला लावा. रंग द्या, कागद द्या, गुमान बसतील."

"साहेब गुमान बसलेली पोरं बघायला येत नाहीत," मी म्हणालो. "त्यांना विचार करणारी पोरं हवी असतात."

"मग तर पाणी मुळीच नको," ती म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

साहेब म्हणजे शाळा तपासायला येतात ते. आता माझी भानगड थोडक्यात सांगतो, म्हणजे माझी पाचावर धारण का बसली होती ते तुमच्या लक्षात येईल. कचेरीतली फायली सरकवायची नोकरी सोडून, टकलाला सुरुवात झालेल्या वयात मी शिक्षक झालो होतो. झालो होतो म्हणजे तात्पुरता. वर्षभर पहिलीला शिकवायचं, मग साहेबांनी येऊन माझा एक धडा बघायचा. ते 'हो' म्हणाले तर मी कायम. 'नाही' म्हणाले तर घरी. आणि घरी म्हणजे नुसतं घरी नाही, सासऱ्यांच्या दुकानात! खिळे, स्क्रू, बिजागऱ्या आणि नळाचे वायसर यांचं त्यांचं भलंथोरलं दुकान आहे. त्यांना जावई दुकानात हवा होता. दर रविवारी फोन करायचे. "जावईबापू, तुमची खुर्ची पुसून ठेवलीय बरं का!"

त्या खुर्चीची मला स्वप्नं पडत. कारण, खरं सांगतो, मला माझा वर्ग फार आवडत होता. 'क'ला काना दिला की 'का' होतो हे ज्या दिवशी एखाद्या पोराच्या डोक्यात उतरतं ना, त्या दिवशी ते पोर रस्त्यातली प्रत्येक पाटी वाचत घरी जातं. आईला वाचून दाखवतं, औषधाची बाटली वाचतं, साबणाचा कागद वाचतं! हे बघितल्यावर फायलींकडे परत जायचं म्हणजे जिवावर येतं हो. स्क्रूंकडे तर त्याहून.

शाळेत मी एकटाच पुरुष. बाकी सगळ्या बाई. त्यामुळे पोरांनी पहिल्या दिवसापासून मला 'बाई' म्हणायला सुरुवात केली. मी रोज दुरुस्त करायचो. शेवटी तडजोड झाली आणि मी 'सरबाई' झालो. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, यांनी एकदा स्टाफरूममध्ये चुकून तीच हाक मारली, तेव्हा मी 'ओ' दिली.

आता तयारी ऐका. साहेबांचं एक आवडतं वाक्य होतं. प्रशिक्षणात ते हजार वेळा ऐकवायचे. "तपासल्याशिवाय धडा संपत नाही!" मुलाने अंदाज केला, शिक्षकाने 'शाब्बास' म्हटलं आणि पुढे गेलं, हे त्यांना खपत नसे. अंदाज केला ना? मग करून बघा! बघितल्याशिवाय उठायचं नाही! मी काय केलं, हे वाक्य पोरांकडून घोकूनच घेतलं. सकाळी एकदा, डबे उघडायच्या आधी एकदा, घरी जाताना एकदा. साहेब वर्गात आले, की पोरं एका सुरात म्हणणार आणि साहेब तिथेच विरघळणार, असा माझा हिशेब!

दुसरी युक्ती अंगठ्यांची. अंदाज सांगताना पोरं अशी काही किंचाळायची, की शेजारच्या वर्गातल्या बाई काळजीने डोकावायच्या. म्हणून मी सांगितलं, तोंडाने बोलायचंच नाही. तरंगेल असं वाटलं तर अंगठा वर. बुडेल असं वाटलं तर अंगठा खाली. जे काही टबाशेजारी येईल त्याच्यावर आपलं मत द्यायचं, गपचूप!

पोरं इतकी तयार झाली, इतकी तयार झाली, की विचारू नका. मी डस्टर टबाजवळ नेला, अंगठे वर. किल्ली नेली, अंगठे खाली. मोठ्या बाई सूचना घेऊन आल्या आणि टबापाशी उभ्या राहिल्या, तर अंगठे खाली. त्यांना वाटलं, सूचना आवडली नाही. त्या बिचाऱ्या सूचना घेऊन परत गेल्या. खरं तर मी तिथेच शहाणा व्हायला हवं होतं! पण मी खूश होऊन मनात म्हणालो, वा, काय शिस्त आहे!

साहेबांचा दिवस उजाडला. मी नवा शर्ट घातला. फळ्यावर रंगीत खडूने मासे काढले. पोरं हाताची घडी घालून बसली. त्यांतल्या तिघांची ओळख तुम्हाला करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांनीच केलं. एक दातपडकी. समोरचे दात नसलेली आणि मनात एक, तोंडावर दुसरं असलं काही न जमणारी. दुसरी पणवाली. तिचं प्रत्येक वाक्य 'पण' शब्दाने सुरू होतं. तिसरा खिसेभरू. याच्या खिशांत गोट्या, मणी, बुचं, झाकणं आणि एकदा तर जिवंत गोगलगाय सापडली होती.

दारात अंधार झाला. मी वर बघितलं. साहेब!

काय सांगू तुम्हाला! माणूस कसला, डोंगर! उंच तर होतेच, पण रुंदीलाही कुठे कसर नव्हती. दारातून आत येताना ते जरा तिरके झाले. चेहऱ्यावर हसू नाही. आवाज असा, की 'नमस्कार' म्हणाले तेव्हा खिडकीची काच किंचित वाजली. मागून मोठ्या बाई आल्या, पण त्या आल्याचं साहेब बाजूला सरकल्यावरच कळलं.

"बसा, सर," मी लगबगीने खुर्ची पुढे केली. साहेबांनी त्या खुर्चीकडे बघितलं, मग स्वतःकडे बघितलं आणि म्हणाले, "उभाच राहतो."

आणि उभे राहिले कुठे? टबाशेजारी!

पोरांनी साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. चांगलं मन लावून न्याहाळलं. आणि मग, कुणीही न सांगता, सगळ्या वर्गाने हात पुढे केले. सगळे अंगठे खाली!

माझं धाबं दणाणलं. मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"स्वागत, सर!"

"अंगठे खाली करून?"

"नम्रता, सर! मोठ्यांपुढे अंगठासुद्धा खाली ठेवावा, असं शिकवलंय!"

असं काही मला आयुष्यात सुचलं नव्हतं. मी स्वतःवरच खूश झालो. पण दातपडकी उभी राहिली.

"नाही हो, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही बुडणार, असं आहे ते."

सासऱ्यांची ती पुसून ठेवलेली खुर्ची माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, टबाकडे बघितलं. मिशीचा एक केसही हलला नाही. "धडा सुरू करा," ते म्हणाले.

मी सुरू केला. आणि धडा चक्क रंगायला लागला! चमचा बुडाला. पेन्सिल तरंगली. मग मी संत्रं घेतलं. जड दिसतं, म्हणून बहुतेकांचे अंगठे खाली. सोडलं पाण्यात, तर संत्रं ऐटीत तरंगतंय! "आँ?" सगळा वर्ग ओरडला. मग मी तेच संत्रं सोललं आणि पुन्हा सोडलं. सरळ तळाला! पोरांनी तोंडात बोटं घातली. साल काढून हलकं केलेलं संत्रं बुडतं आणि सालीसकट जड असलेलं तरंगतं! मला हे आधीपासून माहीत होतं, घरी बादलीत करून बघितलं होतं, तरी त्या सगळ्या वासलेल्या तोंडांकडे बघून माझाही आ वासला. पहिल्यांदा बघणारं माणूस शेजारी असलं, की जुनी गोष्टसुद्धा नवी होते.

मग मातीचा गोळा. खेळायच्या मातीचा, लिंबाएवढा. अंगठे खाली. बुडाला. बरोबर! मी गोळे वाटले, सगळ्यांनी आपापले सोडले, सगळ्यांचे बुडाले. खिसेभरूचा मात्र सोडायचा राहिला होता. तो खाली मान घालून काहीतरी दाबत बसला होता.

"काय करतोयस रे?"

"माझा मणी बुडेल ना," तो म्हणाला. "म्हणून त्याला वाटी करतोय."

मातीची ती वाकडीतिकडी वाटी त्याने पाण्यावर ठेवली. आत निळा मणी. वाटी तरंगली! तीच माती, तेवढीच माती, जी गोळा असताना दगडासारखी तळाला गेली होती! हे माझ्या आखणीत नव्हतं बरं का. हे मी शिकवलं नव्हतं. एका सहा वर्षांच्या पोराने मणी वाचवायला होडी शोधून काढली आणि मी, चष्मा लावलेला माणूस, तिच्याकडे नुसता बघत राहिलो. अंगावर काटा आला! मी साहेबांकडे बघितलं. साहेब वाकले होते. गुडघ्यांवर हात ठेवून, नाक पाण्याजवळ नेऊन त्या वाटीकडे बघत होते.

इथे धडा संपला असता, तर मी आज ही हकिकत लिहायला बसलो नसतो.

"मला दिसत नाही!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. "मलापण नाही!" आणि सगळा वर्ग एकदम टेबलाकडे धावला. टेबल सरकलं. टब टेबलाच्या कडेला आला, क्षणभर विचार केला आणि कलंडला. अर्धं पाणी थेट साहेबांच्या अंगावर! पँट भिजली, मोजे भिजले, बुटांत तर तळं साचलं.

"अगं बाई!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"अगं बाई!" मीही म्हणालो.

साहेबांनी शांतपणे बूट काढले, त्यांतलं पाणी खिडकीबाहेर ओतलं आणि बूट टेबलावर ठेवले. टबाशेजारी! लगेच अंगठे! काही वर, काही खाली. मी "अरे, नको, नको" म्हणेपर्यंत खिसेभरूने एक बूट उरलेल्या पाण्यात सोडलासुद्धा.

बूट तरंगला. साहेबांचा बूट म्हणजे एखाद्या बाळाचा पाळणा. तरंगेल नाही तर काय! पोरांनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात पणवाली पुढे आली. "पण साहेबांचा एवढा मोठा बूट तरंगला, तर साहेब का नाही तरंगणार?"

बघा! आता बघा! मी वर्षभर 'विचार करा, विचार करा' म्हणत होतो. केला की नाही विचार? वर्गात दोन तट पडले. "साहेब तरंगणार!" "साहेब बुडणार!" "त्यांच्यात हवा असेल तर तरंगणार!" "त्यांच्यात जेवण आहे!" अंगठे वर-खाली, वर-खाली. मी घाईघाईने डस्टर आपटला. "मुलांनो, धडा संपला!"

आणि तेव्हा सगळा वर्ग, एका सुरात, एका तालात, जसं मी महिनाभर घोकून घेतलं होतं अगदी तसं, ओरडला, "तपासल्याशिवाय धडा संपत नाही!"

मी मटकन खाली बसलो. साहेबांकडे बघायची हिंमत होत नव्हती.

"बरोबर आहे," वरून आवाज आला.

"काय, सर?"

"मुलं बरोबर बोलतायत. अंदाज केलेला आहे. तपासलेला नाही. धडा अपुरा आहे. आणि अपुऱ्या धड्यावर मी कुणाला कायम करत नाही."

"अहो साहेब, पण टब लहान आहे हो!" मोठ्या बाई कळवळून म्हणाल्या.

"शाळेच्या भिंतीपलीकडे पोहायचा तलाव आहे!" दातपडकीने सांगून टाकलं. "मोठ्ठा आहे! तुम्ही मावाल!"

साहेबांनी भिजलेल्या पँटकडे बघितलं. "तसाही मी भिजलोच आहे," ते म्हणाले. "मुलं पायऱ्यांवर बसतील, कठड्याच्या मागे. पाण्यात फक्त मी उतरेन."

आमची वरात निघाली. पुढे अनवाणी साहेब, हातात बूट. मागे दोघादोघांच्या जोड्या करून बोटं धरलेली पोरं. मध्ये मोठ्या बाई, पुटपुटत. सगळ्यात शेवटी मी. फाशीला जाणाऱ्या माणसालाही एवढी पोरं पुढे घालून कुणी नेत नसेल. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. मी धावत पुढे गेलो.

"सर, पोहता येतं ना आपल्याला?"

"नाही," साहेब म्हणाले.

"नाही?"

"पोहता येत नाही," ते ठामपणे म्हणाले आणि चालू लागले.

माझी बोबडी वळली! हा माणूस स्वतःच्या एका वाक्यापायी जीव देणार! आणि वाक्य पोरांकडून घोकून कुणी घेतलं? मी! उद्या लोक काय म्हणतील? सरबाईने साहेब बुडवला! असल्या माणसाला सासरेसुद्धा दुकानात उभं करणार नाहीत.

तलावावरचा माणूस काठाशी स्टुलावर बसला होता. त्याने सगळी हकिकत ऐकून घेतली. तो मुळीच चकित झाला नाही. मला तर वाटतं, साहेबांऐवजी आम्ही हत्ती आणला असता तरी तो हेच म्हणाला असता. "टोपीशिवाय पाण्यात उतरता येणार नाही."

"नियम आहे?" साहेबांनी विचारलं.

"नियम आहे."

"मग द्या टोपी."

त्याच्याकडे एकच टोपी शिल्लक होती. लहान मुलाची. गुलाबी. कानावर बदक! आणि एक पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट. साहेब ती घालून बाहेर आले, तेव्हा मी पोरांकडे बघितलं. एकही पोर हसलं नाही. सगळी कठड्याच्या मागे, हनुवट्या दांडीवर टेकून, गंभीर. त्यांना बदक दिसतच नव्हतं. त्यांना फक्त एवढंच बघायचं होतं, की साहेब तरंगतात की बुडतात.

साहेब शिडीवरून उतरले. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. त्यांनी एकदा वर्गाकडे बघितलं. शिडी सोडली. आणि गेले! सरळ खाली! बदकासकट!

पाण्यावर चार बुडबुडे आले. मग तेही येईनात.

"बुडाले!" एक तट ओरडला.

"थांबा हो, साहेब तर..." तलावावरचा माणूस काहीतरी सांगत होता. पण ऐकतो कोण! मी चप्पल भिरकावली, "सऽऽर!" अशी आरोळी ठोकली आणि नव्या शर्टासकट पाण्यात उडी मारली.

उडी मारल्यावर, म्हणजे हवेतच, माझ्या लक्षात आलं, की मलाही पोहता येत नाही.

पाण्याखाली फार शांत असतं हो. निळं निळं, थंडगार. मी हातपाय झाडत होतो आणि झाडत झाडत खाली जात होतो. तेवढ्यात माझ्या शेजारून काहीतरी प्रचंड, संथ असं वर निघालं. घाई नाही, गडबड नाही. जणू तलावाचा तळच उचलून वर चाललाय! मी हात लांब केला आणि हाताला जे लागलं ते घट्ट धरलं. ते साहेबांचं पाऊल होतं. त्या पावलाबरोबर मीही वर आलो, खोकत, नाकातोंडातून पाणी गाळत.

"ओढू नका," साहेबांचा आवाज आला. "नुसते धरून ठेवा."

मी डोळे उघडले आणि बघतच राहिलो. साहेब पाण्यावर उताणे पडले होते. हात पसरलेले, डोळे मिटलेले, पोट आभाळाकडे. इकडून तिकडे एक लाट नाही. ना धाप, ना धडपड. घरी पलंगावर पडतो ना माणूस, त्याहून निवांत! आणि मी, अख्खा एक मास्तर, त्यांच्या पायाला लोंबकळत होतो, तरी ते तसूभर खाली जात नव्हते. अहो, एवढा अवजड माणूस! दारातून तिरका होऊन येणारा! आणि पाण्याने त्याला असा झेललेला, जसं आई तान्ह्या बाळाला झेलते. मी बुडायचं विसरलो. भीती विसरलो, नोकरी विसरलो, सासरेही विसरलो!

कठड्याच्या मागून आवाज नव्हता. टाळ्या नाहीत, आरोळ्या नाहीत. वर्षभर ज्या वर्गाला मी गप्प करू शकलो नव्हतो, तो वर्ग श्वास रोखून उभा होता. त्यांतल्या एकानेही अंगठा दाखवला नाही. हात खाली सोडून सगळी बघत होती. मोठ्या बाईंच्या तोंडावरचा पदर कधीच सुटला होता. आणि त्या शांततेत खिसेभरू हळूच म्हणाला, "बाई गं!"

तलावावरच्या माणसाने लांब आकडी पुढे करून आम्हा दोघांना काठाला लावलं. साहेबांना लावलं आणि मी आपोआप लागलो.

"सर, तुम्ही तर म्हणालात, पोहता येत नाही!" मी शर्ट पिळत म्हणालो.

"नाहीच येत," साहेब म्हणाले. त्यांनी टोपीतलं पाणी झटकलं आणि टोपी पुन्हा घातली. "लहानपणी भावंडं पोहायची, मी नुसता पडून राहायचो. हात-पाय मारायला गेलो की बुडायचो. मग मारायचंच सोडलं. मला तरंगता तेवढं येतं." मग पोरांकडे बघून म्हणाले, "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

पहिल्यांदाच त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. माझी छाती भरून आली. आणि पाणीही होतंच छातीत.

पंचे गुंडाळून आम्ही पायऱ्यांवर बसलो. साहेबांनी वर्गाला विचारलं, "मग, काय कळलं आज?"

"साहेब तरंगतात," दातपडकी म्हणाली. "सरबाई बुडतात."

"पण सरबाई साहेबांना धरल्यावर तरंगले," पणवाली म्हणाली.

"मण्यासारखे," खिसेभरू म्हणाला. "साहेब वाटी, सरबाई मणी."

साहेब त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मीही बघत राहिलो. सांगा, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय? हे कोण शिकवतं यांना? आम्ही शिकवतो म्हणे!

"धडा पुरा झाला," साहेब उठून म्हणाले. माझ्यापुढे हात धरला. "तुम्ही कायम."

मी तो हात दोन्ही हातांनी धरला. डोळ्यांतून पाणी आलं. कुणाला कळलं नाही, कारण केसांतूनही येत होतं. मोठ्या बाई टाळ्या वाजवत होत्या, पोरं "सरबाई कायम! सरबाई कायम!" म्हणून नाचत होती. कायम म्हणजे काय ते एकालाही ठाऊक नव्हतं, पण नाचण्यासारखं काहीतरी आहे एवढं त्यांना पुरलं.

"असा धडा मी उभ्या आयुष्यात बघितला नाही," साहेब बूट घालता घालता म्हणाले. "हा सगळ्यांनी बघायला हवा. पुढच्या महिन्यात मी आसपासच्या सगळ्या शाळांचे शिक्षक इथे तलावावर बोलावतो. धडा असाच्या असा घ्यायचा. चमचा, संत्रं, माती, बूट, मी आणि तुम्ही."

"मी... म्हणजे शिकवायला ना, सर?"

"शिकवायला तर आहातच. पण तरंगणारं मोठं माणूस दाखवलं, की बुडणारं मोठं माणूसही शेजारी दाखवावं लागतं. त्याशिवाय मुलांना तुलना कळत नाही. आणि तुम्ही फार छान बुडता. याल ना?"

कायम झालेला माणूस नाही कसं म्हणणार! येतो म्हटलं. फक्त एवढीच विनंती केली, की बुडणाऱ्या वस्तूंमध्ये माझा नंबर सगळ्यात शेवटी लावा. मीच आधी बुडालो, तर पुढचा धडा घेणार कोण?